सॅकचा सांगाडा: स्लायडिंगची पट्टी की माणगा?

घरी सॅक शिवायची तर कापड, झिपा आणि बकलं मुंबई-पुण्याहून मागवावी लागतात. सांगाड्याचा, म्हणजे पाठीलगत उभ्या बसणाऱ्या पट्ट्यांचा माल मात्र कोकणातच मिळतो आणि उत्तम मिळतो: खिडक्यांची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी किंवा माणगा हा बांबू. चिपळूण, रत्नागिरी, कुडाळ या बाजारांत सहज हाती येणाऱ्या मालाचा हा हिशेब. माप असं धरलं आहे: मानेशी उठून दिसणाऱ्या मणक्यापासून कंबरेच्या हाडापर्यंत पाठ ४५ सेंमी, उभ्या पट्ट्या दोन, प्रत्येकी ५५ सेंमी आणि ओझं १० ते १२ किलो. रसाळगड-सुमारगड-महिपतगड हा तीन किल्ल्यांचा ट्रेक मुक्कामी करायचा तर साधारण एवढंच होतं.

कमीत कमी कटकट हवी असेल तर स्लायडिंगच्या खिडक्या बनवणाऱ्याकडे जा. सेक्शनचं (खिडक्यांच्या अ‍ॅल्युमिनियम पट्ट्यांचं) दुकान १२ फुटांची अख्खी लांबी गळ्यात मारतं, फॅब्रिकेशनवाल्याकडे मात्र उरलेले तुकडे वजनावर मिळतात. मागायची अ‍ॅल्युमिनियमची २० बाय ३ मिमीची सपाट पट्टी. खिडक्यांचा माल बहुतेक ६०६३ या जातीच्या अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूचा असतो. तो ६०६१ पेक्षा थोडा मऊ, पण खाऱ्या हवेत छान टिकतो. ७०७५ कितीतरी मजबूत असली तरी त्यात जस्त आणि तांबं असल्यामुळे किनाऱ्यावर लवकर खराब होते, तिच्या मागे लागू नका. २० बाय ३ च्या दोन पट्ट्या १८० ग्रॅमच्या आसपास भरतात. १२ बाय ३ घेतली तर ११० ग्रॅममध्ये भागतं, पण ती सात-आठ किलोंपर्यंतच.

इथे एक फसगत ठरलेली. इलेक्ट्रिकच्या दुकानातली अर्थिंगची पट्टी दिसायला तशीच असते. जस्त चढवलेली लोखंडी असेल तर चुंबक लगेच सांगतो. अ‍ॅल्युमिनियमची असेल तर ती मऊ असते, पहिल्याच चढणीला पाठीवर वाकून तशीच राहते. दुकानातच पट्टी हाताने हलकी वाकवून सोडा. जी परत सरळ होते ती घ्या.

बाक नारळाच्या खोडावर किंवा गोल खांबावर हळूहळू द्यावा. कंबरेचा खोलगट भाग खालच्या टोकापासून १२ ते १५ सेंमीवर येतो. व्हाइसच्या दातांत पकडलीत तर ओरखडा उठतो आणि पुढे नेमकी तिथेच चीर जाते. एकदा बाक दिला की पुन्हा पुन्हा उलटसुलट वाकवू नका.

वजनाचा विचार केला तर माणगा बाजी मारतो, आणि त्याची इथे होते त्याहून जास्त कदर व्हायला हवी. सिंधुदुर्गातला हा बांबू जवळजवळ भरीव असतो, त्यामुळे जाड पट्टी निघते. बांबूचा ताठपणा अ‍ॅल्युमिनियमच्या जेमतेम पाव-पंचमांश, पण पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. ३ मिमीच्या जागी ५ मिमी घेतली की दोन्ही बरोबरीला येतात आणि जोडीचं वजन ९० ग्रॅमच्या आत राहतं. म्हणजे निम्मं!

काठी तीन वर्षांची तरी हवी आणि पावसाळा सरल्यावर तोडलेली. कोवळ्या काठीत पिष्ट जास्त, म्हणून भुंगा लागतो आणि पिवळी भुकटी पडू लागते. बुंध्याकडचा चार सेंमी जाडीचा तुकडा चिरून घ्या. रंधा फक्त आतल्या बाजूने मारा. खरी ताकद सालीलगतच्या धाग्यांत असते, तेव्हा बाहेरची बाजू गोलसर राहिली तरी चालेल. वाळताना बांबू आटतो, म्हणून जाडी १ मिमी जास्त ठेवा. १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम बोरिक पावडर आणि ३०० ग्रॅम टाकणखार विरघळवून त्यात पट्ट्या आठवडाभर बुडवा, मग तीन-चार आठवडे सावलीत वाळवा. उन्हात ठेवल्या तर तडकतात. गॅसच्या आचेवर सतत फिरवत गरम करून वाकवा आणि थंड होईपर्यंत तशाच धरून ठेवा. बाक दोन गाठींच्या मध्ये यावा, गाठीवर दिला तर मोडते. शेवटी पीयू क्लिअरचे (पारदर्शक पॉलियुरेथेन वॉर्निशचे) दोन हात द्या. हे टाळलंत तर पहिल्या पावसात बोरिक धुऊन जातं आणि बुरशी येते.

कार्बन फायबरची नळी ऑनलाइन मिळते. ८ मिमी बाहेरची आणि ६ मिमी आतली घेतली तर मीटरला ३५ ग्रॅमच भरते. पण तिला पाठीचा बाक देता येत नाही, दगडावर आपटली की चिरते. अ‍ॅल्युमिनियमच्या जोडात बसवली तर खाऱ्या दमट हवेत तो जोडच पोखरला जातो. किनाऱ्यावर ती आम्ही सुचवणार नाही. निळ्या ड्रमचं प्लास्टिकही नको: ३ मिमी जाडीचा २५ बाय ५० सेंमी तुकडा साडेतीनशे ग्रॅमच्या पुढे जातो.

पट्टी कोणतीही असो, तिला भोक पाडू नका. पॉप रिव्हेट वरून अ‍ॅल्युमिनियमचं दिसलं तरी त्याची दांडी बहुधा लोखंडी असते, ती आत अडकून गंजते. त्यापेक्षा ३८ मिमीच्या नायलॉन पट्ट्याची खोळ शिवा, तिच्यात दोन्ही प्रकार बसतात. २५ मिमीच्या पट्ट्यात शिलाई सोडून उरलेल्या जागेत २० बाय ३ शिरतच नाही. टोकं कानशीने गोल करा आणि खोळीच्या तळाला कापडाचा दुहेरी थर द्या, नाहीतर आठवड्याभरात पट्टी खाली डोकावते. खोळीचं वरचं तोंड वेल्क्रोने बंद करा. ट्रेकहून आल्यावर पट्ट्या बाहेर काढून गोड्या पाण्याने पुसा, खोळ उलटी टांगून वाळवा.