मुलांचं प्रीपेड कार्ड सहलीला नेऊन पाहिलं, मोठीला चार स्टार, धाकट्याला दीड

मुलांसाठी ते प्रीपेड कार्ड मिळतं ना, अ‍ॅप आपल्या मोबाईलवर आणि कार्ड मुलाच्या हातात, ते आम्ही गेल्या सुट्टीच्या आधी दोघांसाठी घेतलं. मोठी बारा वर्षांची, धाकटा सात. कंपनीचं नाव लिहीत नाही, तक्रारी पण लिहायच्यात आणि तसंही यांचा सगळ्यांचा साचा थोड्याफार फरकाने सारखाच असतो. घ्यायचं कारण एकच, बाहेर फिरायला गेलं की गेटपासून जे "मला हे हवं, मला ते हवं" सुरू होतं ते पार्किंगपर्यंत थांबत नाही, आणि दर वेळी हो की नाही ते आपणच ठरवायचं म्हणजे दिवसभर आपणच व्हिलन. म्हटलं यांचे पैसे यांच्याकडे देऊन टाकू, काय घालायचा तो घोळ घालू देत.

सेटअप सोपा आहे, त्यात काही रडगाणं नाही. दिवसाची मर्यादा लावता येते, एटीएममधून पैसे काढणं बंद करता येतं, ऑनलाइन खरेदी बंद करता येते, आणि कार्ड हरवलं तर अ‍ॅपमधून लगेच फ्रीज. हे शेवटचं फार कामाचं. गर्दीच्या ठिकाणी पोराच्या खिशातली नोट पडली की गेली, कार्डाचं तसं नाही.

मोठीसाठी हे कार्ड खरंच चांगलं निघालं. तिच्या फोनवर तिला शिल्लक दिसते, त्यामुळे म्युझियमच्या शेवटी ते दुकान असतं ना, बाहेर पडायचा रस्ताच त्याच्यातून काढलेला असतो, तिथे ती एक वस्तू हातात घेऊन बराच वेळ उभी होती, मग फोन बघितला, मग वस्तू ठेवून दिली आणि म्हणाली पुढच्या ठिकाणी काय आहे ते बघून ठरवते. मी काहीच बोलले नव्हते! घरी आल्यावर कुठे किती गेले ती यादी पण तिने स्वतःच काढून बघितली आणि निम्मे पैसे गेमच्या मशीनमध्ये गेलेत हे तिचं तिलाच दिसलं. हे मी सांगितलं असतं तर लेक्चर झालं असतं.

आता धाकटा. त्याच्या हातात कार्ड म्हणजे नळ, फिरवला की पाणी येतं एवढंच त्याला कळतं. मशीनला लावलं, टिंग झालं, वस्तू मिळाली आणि कार्ड होतं तसंच परत हातात, मग गेलं काय? शिल्लक सांगितली तर तो आकडा वाचतो, पण वाचणं वेगळं आणि कमी झाल्यासारखं वाटणं वेगळं. यात त्याचा दोष नाही म्हणा, मोठ्यांचं तरी काय वेगळं असतं. २००१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या ड्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांचा एक अभ्यास आला होता, एमबीएच्या मुलांना बास्केटबॉल मॅचच्या तिकिटांवर बोली लावायला सांगितली, तर क्रेडिट कार्डाने पैसे द्यायचे असलेल्यांची बोली रोख देणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट. ते क्रेडिट कार्ड होतं आणि हे आधी पैसे भरलेलं आहे हा फरक आहेच, पण एमबीएवाल्यांचा हात सैल सुटतो तिथे सात वर्षांच्या पोराकडून काय अपेक्षा ठेवणार.

म्हणून धाकट्याला आता साधी चेनवाली पाऊच दिलीये, गळ्यात अडकवायची, आणि त्यात रोख. पाऊचचा फायदा असा की ती हलकी होते. दिवसभर तो उघडून मोजत असतो आणि दुपारनंतर आपोआप जपून वागायला लागतो. फक्त सगळी चिल्लर देऊ नका. सुट्टे पैसे पटापट सुटतात आणि मोठी नोट मोडायला जीवावर येतं, हे आपल्या सगळ्यांचंच होतं, प्रिया रघुबीर आणि जॉयदीप श्रीवास्तव यांनी २००९ मध्ये यावर अभ्यास पण केलाय. गंमत म्हणजे लहान मुलांना उलट वाटतं, चार नाणी म्हणजे एका नोटेपेक्षा जास्त पैसे, आमच्याकडे नोट बघून "एकच?" असं तोंड वाकडं झालं होतं. मग थोडे सुट्टे आणि एक नोट असं देते. सुट्टे भराभर संपतात, नोटेपाशी येऊन गाडी अडते आणि खरा विचार तिथे सुरू होतो.

आता कार्डाच्या ज्या फीचरवर माझा सगळ्यात जास्त राग आहे ते. जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतं, "पैसे संपले? सेकंदात भरा!" अहो, संपले म्हणजे संपले हेच तर शिकवायचंय ना! रांगेत उभं राहून पोरगं डोळ्यात पाणी आणतं, मागचे लोक बघतात, आणि आपल्या हातातल्या फोनवर एक बटण आहे जे दाबलं की सगळं शांत होतं. त्यात आई आणि बाबा दोघांच्या फोनवर अ‍ॅप, म्हणजे मी नाही म्हटलं की स्वारी बाबाकडे. रोख पैशाला निदान खिसा रिकामा असल्याचं नाटक तरी करता येतं. (आजी-आजोबा बरोबर असतील तर काहीच चालत नाही, ते गुपचूप हातात ठेवतात, त्यावर अजून कुठल्या कंपनीने फीचर काढलेलं नाही.)

दुसरं ते नोटिफिकेशन. मुलाने काही घेतलं की आपल्या फोनवर लगेच टिंग. घरी बसून ठीक आहे, पण सहलीत मी तिच्या शेजारी उभी असते, टिंग वाजलं की माझी नजर फोनकडे आणि तिची माझ्या चेहऱ्याकडे. मग ती स्वतःच्या पैशाने नाही, माझ्या भुवया बघून खरेदी करते. सहलीच्या दिवशी ते बंद करून टाका सरळ.

बाकी बारीकसारीक त्रास. नेटवर्क नसलं की मशीन चालत नाही, आणि फिरायच्या जागा बघा, निम्म्या ठिकाणी रेंजच नसते. छोट्या स्टॉलवर रोखच लागते. एखादी वस्तू परत केली की पैसे कार्डात यायला काही दिवस लागतात, तोवर मुलाला वाटतं दुकानदाराने खाल्ले. काही ठिकाणी रक्कम आधी पेंडिंग दाखवते आणि मग बदलते, ते बारा वर्षांच्या मुलीला समजावता समजावता मलाच घाम फुटला. आणि दर महिन्याची फी! सुरुवातीच्या ऑफरमध्ये फुकट, नंतर चालू, कार्ड हरवून नवं मागवलं तर त्याचे वेगळे. वर्षातून एखाद-दोन सहलींसाठी घेत असाल तर मुलाच्या खर्चापेक्षा फीच जास्त व्हायची, आधी हिशोब करा.

कार्ड घ्या नाहीतर पाऊच, पण कुठले पैसे कोणाचे हे निघायच्या आधी ठरवून घ्या. आमच्याकडे तिकीट, जेवण, पाणी, प्रवास आईबाबांचा, आणि खेळणी, गेम, आठवण म्हणून घ्यायच्या वस्तू त्यांच्या पैशातून. गेम मशीनचं टोकन कोणाचं यावर गाडीतच भांडण होऊ दे, काउंटरवर नको. उरलेले पैसे त्यांचेच, परत घ्यायचे नाहीत, नाहीतर शेवटच्या अर्ध्या तासात काहीही उचलतात, आणि बरोबरच आहे, मी असते तर मीही उचललं असतं. आणि फालतू वस्तू घेतली तर घेऊ द्या. धाकट्याने दिवे लागणारी बंदूक घेतली, गाडीपर्यंत येईतो दिवे बंद. मी "बघ, सांगितलं होतं" हे वाक्य गिळलं (फार अवघड गेलं), पुढच्या सहलीत तो तसल्याच स्टॉलवर बटण चार वेळा दाबून बघत होता आणि विकणाऱ्याला विचारत होता की सेल बदलता येतात का.

तर मुलगा दहा-अकराच्या पुढचा असेल, आकडेमोड कळत असेल आणि तो महिन्याचा हातखर्च पण त्याच कार्डावर घेणार असेल तर कार्ड घ्या. त्याहून लहान असेल तर पाऊच पुरे, तीही घरात पडलेली असेलच.

कंपनीला मी एक सूचना पाठवलीये, सहल मोड द्या म्हणून, सकाळी चालू केलं की रात्रीपर्यंत आईबाबांना पैसे भरताच येणार नाहीत. "तुमची सूचना आम्हाला महत्त्वाची आहे" असं आपोआप जाणारं उत्तर आलंय. काही झालं तर कळवते.