रेजिमेंटच्या माजी सैनिक संघटनेत 14 महिने: माझा अनुभव

मराठा लाईट इन्फंट्रीत 24 वर्षं काढून हवालदार म्हणून घरी आलो, तेव्हा साताऱ्याकडच्या आमच्या रेजिमेंटवाल्यांच्या संघटनेचा फॉर्म एकाने हातात ठेवला. पुढची दोन वर्षं तो ट्रंकेत, डिस्चार्ज बुकाखाली दबून राहिला. फेटे, भाषणं, शेवटी वडा-चहा. संघटना म्हणजे एवढंच, असं माझं ठाम मत. ते बदललं पेन्शन थांबली म्हणून. ‘स्पर्श’ या फौजेच्या ऑनलाइन पेन्शन व्यवस्थेत दरवर्षी करायची हयातीची नोंद मी विसरलो होतो. बँकेत गेलो, तर म्हणाले, आता आमच्या हातात काही नाही, सगळं प्रयागराजच्या पेन्शन ऑफिसातून चालतं. मग गपचूप फॉर्म काढला, धूळ झटकली, वर्गणी भरली.

माझं काम अर्ध्या तासात झालं. संघटनेत एक निवृत्त क्लार्क सुभेदार साहेब आहेत. त्यांनी आधार घेतलं, अंगठा लावून घेतला आणि वर एक शेरा मारला, “गणपत, बंदूक जपलीस 24 वर्षं, पासवर्ड नाही जपता आला?” (मराठा जवानाला फौजेत गणपतच म्हणतात, बाहेरच्यांनी राग मानू नये.) दोन पैसेही घेतले नाहीत. मी मनात म्हटलं, वर्गणी वसूल झाली, आता पुढच्या नोव्हेंबरलाच तोंड दाखवू.

पण साहेबांनी जाऊ दिलं नाही. मला मोबाईलवर फॉर्म भरता येतात हे त्यांनी हेरलं होतं. पुढच्या रविवारी बसायला सांगितलं आणि बसलो, तिथून खरा वापर सुरू झाला.

सगळ्यात जास्त शिकवलं ते एका काकूंच्या केसने. जावळीकडच्या. त्यांचे मालक काळी पाचवीतले, म्हणजे आपल्या सेकंड बटालियनचे. ते वारले आणि कुटुंब पेन्शन अडकली. कारण काय, तर फौजेच्या रेकॉर्डला काकूंचं माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि जन्मतारखेच्या जागी नुसतं वर्ष. लग्न झालं तेव्हा युनिटला जे लिहिलं गेलं, ते तसंच राहिलं. गावातल्या एजंटाने 15 हजार मागितले होते. काकूंनी दोन शेळ्या विकायला काढल्या होत्या.

आम्ही काय केलं? फार मोठं काही नाही. एकाने जीप काढून त्यांना तहसीलला नेलं, प्रतिज्ञापत्र करून घेतलं. मी डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), रेशनकार्ड, मृत्यूचा दाखला यांच्या प्रती लावून गठ्ठा बांधला. साहेबांनी बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज कसा लिहायचा, कुठल्या कागदावर कुणाची सही लागते, हे तोंडपाठ सांगितलं. बेळगावला फोन करणारा माणूस काळी पाचवीतलाच होता, काकूंच्या मालकांबरोबर एका बराकीत राहिलेला. पाच महिने लागले. सुधारित कागद आला त्या दिवशी काकू ऑफिसात पेढे घेऊन आल्या आणि खुर्चीवर न बसता उंबऱ्यातच बसल्या. आम्ही सगळे उभेच राहिलो.

साधी कुटुंब पेन्शन शेवटच्या पगाराच्या 30 टक्के असते. ज्या घरात दुसरं उत्पन्न नाही, तिथे पाच महिने म्हणजे काय, ते सांगायला नको. आणि मला डाचत राहिलं ते वेगळंच. काकूंचे मालक निवृत्तीनंतर तीस वर्षं जगले. संघटनेचे मेंबरही होते, पावती सापडली. पण एकदाही मीटिंगला आले नव्हते. एखाद्या रविवारी येऊन बसले असते, तर कुणीतरी सहज विचारलं असतं, “वहिनींचं नाव नीट आहे का रे रेकॉर्डला?” तीन वाक्यांचा अर्ज, काम संपलं असतं.

आता तक्रारी, कारण त्याही आहेत. मराठा दिन 4 फेब्रुवारीला असतो, 1670 साली तानाजींनी कोंढाणा घेतला त्या आठवणीचा. त्या दिवशी पहिल्या रांगेत ऑफिसर, दुसऱ्या रांगेत जेसीओ (सुभेदार वगैरे), मागे आम्ही. पेन्शनीत गेल्यावरही रँकचा हिशेब सुटत नाही. भाषणं दीड तास. वीरनारींचा (शहीद जवानांच्या पत्नींचा) सत्कार होतो, पण त्यांना काय अडचण आहे हे माईकवर कुणी विचारत नाही. गेल्या वर्षी एका पाहुण्याने आपल्या रेजिमेंटच्या यशवंत घाडग्यांना 1965 च्या लढाईत नेलं. अरे बाबा, नाईक घाडगे पडले 10 जुलै 1944 ला, इटलीत, आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला मरणोत्तर. मागच्या रांगेतून एक म्हातारे हवालदार ओरडून बोलले, तेवढीच त्या दिवसाची जमेची बाजू. बाकी शेवटी सगळे उठून ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ म्हणतात, तेव्हा काठीवाल्या माणसाचाही कणा ताठ होतो, हे मान्य केलं पाहिजे.

वॉट्सॲप ग्रुपबद्दल न बोललेलं बरं. दिवसाला शंभर गुड मॉर्निंग, आणि त्यांच्या खाली कुठेतरी ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्डाचा महत्त्वाचा निरोप गाडलेला. निवडणूक आली की सत्कार करून घ्यायला पुढारी येतात. हिशेब वर्षातून एकदा वाचला जातो, तोही भरभर.

पण माझी खरी तक्रार वयाची आहे. रविवारी जमणाऱ्यांत साठीच्या आतले आम्ही चार. चाळिशीचे पेन्शनर बँकेच्या दारात सिक्युरिटीत, नाहीतर पुण्याला. ते येतात काम अडलं की. मी तेच केलं, त्यामुळे बोलायचं तोंड नाही. आणि नोकरीत असलेली पोरं? ती तर धरूच नका. सुट्टीत आले की शेत, लग्नं, मित्र. शिवाय 2022 पासून अग्निवीर भरती झालेत. चार वर्षांनी जे बाहेर पडतील त्यांना पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही. त्यांना संघटनेत घ्यायचं की नाही, यावर आमच्याकडे एकदा अर्धा तास वाद झाला. माझं मत स्पष्ट आहे: ज्याने आपल्या पलटणीचं मीठ खाल्लं तो आपला, त्याला दारात उभं करू नये. मतदान झालं नाही, चहा आला.

दिवाळीत पुतण्या सुट्टीवर आला होता. नाईक आहे, सध्या वर बर्फात. त्याला जबरदस्तीने रविवारी घेऊन गेलो. साहेबांनी त्याला पहिला प्रश्न विचारला तो युनिटचा नाही, बायकोच्या आधारकार्डाचा. आधारवर ‘प्रियांका’, युनिटच्या नोंदीत, म्हणजे पार्ट टू ऑर्डरला ‘प्रियंका’. एका कान्याचा फरक. पोरगं हसलं. साहेब हसले नाहीत, त्यांनी कोरा कागद त्याच्यापुढे सरकवला. सुट्टी संपवून तो युनिटला पोहोचला, आणि आठवड्याने त्याचा मेसेज आला: “काका, क्लार्कला अर्ज दिला.”