दाव्याला उत्तर: कैफियत स्वतः लिहावी, लिहून घ्यावी, की मोफत वकील मागावा?

बेलिफ समन्स आणि दाव्याची प्रत देऊन गेला की घरात पहिली चर्चा वकिलाच्या फीची होते. ती होऊ द्या, पण आधी दोन गोष्टी बघा: समन्स हातात पडल्याची तारीख आणि दाव्याचा प्रकार.

साध्या दिवाणी दाव्यात कैफियत, म्हणजे दाव्याला द्यायचं लेखी उत्तर, ३० दिवसांत द्यायची असते. कोर्ट कारणं नोंदवून ती मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकतं. अपवादात्मक परिस्थितीत त्यापुढेही कैफियत घेता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये म्हटलंय. त्या भरवशावर मात्र कुणी राहू नये. व्यापारी दाव्यात १२० दिवस उलटले की कैफियत देण्याचा हक्कच जातो. चेक, वचनचिठ्ठी किंवा लेखी करारावरचा समरी सूट, म्हणजे झटपट निकालाचा दावा, असेल, तर आधी १० दिवसांत हजेरी नोंदवायची आणि वादीकडून पुढचं समन्स आलं की पुन्हा १० दिवसांत बचावाची परवानगी मागायची. या दोन प्रकारांत वकिलाशिवाय उतरू नये, असं माझं मत आहे. उरलेल्यांत खरी निवड आहे.

स्वतः लढायला कायद्याची आडकाठी नाही. आपली बाजू आपण मांडायला परवानगी लागत नाही, तालुका-जिल्हा कोर्टात मराठीत कैफियत चालते, आणि दाव्याला रकमेप्रमाणे कोर्ट फी लागते तशी कैफियतीला लागत नाही. उलटा दावा केलात तर मात्र त्यावर फी भरावी लागते. खर्च कमी, वेळ भरपूर: प्रत्येक तारखेला पुकारा होईपर्यंत बाकावर बसायची तयारी हवी. पण बसणं जमतं हो. अडतं ते लिहिण्यात.

कारण कैफियतीत जे नाकारलं नाही, ते कबूल धरलं जाऊ शकतं. 'दाव्यातील मजकूर खोटा व खोडसाळ असून मान्य व कबूल नाही' एवढं एकदा लिहून भागत नाही. दाव्याचा परिच्छेद घ्यायचा आणि त्याचं उत्तर द्यायचं, एकेक करून. वादी म्हणतो, 'अमुक तारखेला पाच लाख दिले.' तुम्ही लिहिता, 'त्या तारखेला पाच लाख घेतले नाहीत.' मग तीन लाख घेतले का? दुसऱ्या दिवशी घेतले का? दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ८ मध्ये असं गुळमुळीत उत्तर चालत नाही. एकही रुपया घेतला नसेल तर तसं म्हणा. काही घेतले असतील तर किती, ते सांगा. शेवटी सत्यापन, म्हणजे मजकूर खरा असल्याचं सहीनिशी सांगणं, सोबत प्रतिज्ञापत्र आणि कागदांची यादी. आता न दिलेला कागद पुढे दाखल करायला कोर्टाची परवानगी लागते.

म्हणून उसन्या पैशांचा छोटा दावा असेल आणि परतफेडीच्या पावत्या किंवा बँकेच्या नोंदी हाताशी असतील, तर स्वतः लिहायला हरकत नाही. वाटप, मालकी, ताबा यांत लिहू नका. वाटपाच्या दाव्यात भावाला उत्तर देताना सहज 'वडिलोपार्जित जमीन' असं लिहून बसलात, की ती स्वकष्टार्जित होती हे पुढे सांगणं फार जड जातं. कैफियतीत दुरुस्ती मागता येते, पण दिलेली कबुली मागे घेणं कोर्ट सहसा मान्य करत नाही.

मधली वाट मला सर्वांत पटते: कागद स्वतः जमवा, घटना तारीखवार लिहून काढा, आणि मसुदा तेवढा वकिलाकडून करून किंवा तपासून घ्या. काही वकील वकीलपत्राशिवाय, म्हणजे अख्खा खटला हाती दिल्याशिवाय, हात लावत नाहीत. ते आधीच विचारा. दाव्यासोबत निशाणी ५, म्हणजे तात्पुरत्या मनाईचा अर्ज असेल, तर ही वाट तोकडी पडते. त्या अर्जाला उत्तर बहुधा कैफियतीच्या आधी द्यावं लागतं आणि त्यावर युक्तिवादही होतो. तिथे पूर्ण वेळचा वकीलच बरा.

फी परवडत नाही म्हणून हे सगळं वाचत असाल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आधी जा. तालुक्याला समिती असते, हेल्पलाइन १५१००. हे फक्त गरिबांसाठी आहे असा समज पक्का बसलाय. प्रत्यक्षात स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळू शकतो. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. मिळालेला वकील कसा निघेल हे नशिबावर. तसं ते पैसे मोजूनही असतंच. एक मात्र नीट लक्षात घ्या: तिथे अर्ज दिला म्हणून कैफियतीचे दिवस मोजायचे थांबत नाहीत. समन्सच्या तारखेला हजर राहून मुदतीचा अर्ज स्वतः द्या आणि मोफत वकिलासाठी अर्ज केल्याचं त्यात लिहा.

परदेशी किंवा दुसऱ्या गावी राहणाऱ्यांचा एक हिशेब हमखास चुकतो. कुलमुखत्यारपत्र दिलं की मेहुणा कोर्टात बाजू मांडेल, असं ते धरून चालतात. तो तुमच्या वतीने सही करू शकतो, कागद दाखल करू शकतो. युक्तिवाद करायचा तर त्याला त्या प्रकरणापुरती कोर्टाची परवानगी लागते, आणि ती मिळेलच असं नाही.