कार्ड, अंतर्देशीय की पाकीट? पत्र लिहायला बसणाऱ्यांसाठी

माझी भाची जूनमध्ये शिकायला पुण्याला गेली. निघताना म्हणाली, "आत्या, आजीला पत्र लिहायचं म्हणते मी. फोन केला की ती दोन वाक्यं बोलते आणि 'ठेव आता, पैसे जातील तुझे' म्हणून ठेवून देते. पण लिहू कशावर?"

कशावर लिहायचं हा प्रश्न मला गेल्या काही महिन्यांत आणखी तिघा-चौघांनी विचारला आहे. पत्र लिहायची इच्छा असते, पोस्टात गेलं की खिडकीवर काय मागायचं ते कळत नाही. मी लहानपणापासून तिन्ही प्रकार लिहीत आले आहे आणि मला तिन्ही सारखेच प्रिय नाहीत. म्हणून इथे शेजारी शेजारी ठेवून सांगते.

आधी किमती, म्हणजे निवड पैशांवर अडायला नको. साधं पोस्टकार्ड आजही ५० पैशांना मिळतं, अंतर्देशीय २ रुपये ५० पैशांना आणि तिकीट छापलेलं पाकीट ५ रुपयांना. पाकिटाचे ५ रुपये २० ग्रॅम वजनापर्यंत. पुढच्या प्रत्येक २० ग्रॅमला आणखी ५. आठ आण्यांचं नाणं आता कुणाजवळ नसतं, त्यामुळे कार्डं दहाच घ्यावीत. एक कार्ड पोचवायला टपाल खात्याला त्याच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च येतो. तरीही दर तोच ठेवला आहे, याबद्दल मला खात्याविषयी मनापासून कृतज्ञता वाटते.

कार्ड

कार्ड १४ सेंटिमीटर लांब आणि ९ सेंटिमीटर रुंद. जगातलं पहिलं कार्ड १ ऑक्टोबर १८६९ रोजी ऑस्ट्रिया-हंगेरीत निघालं आणि आपल्याकडे ते १ जुलै १८७९ रोजी पाव आण्याला मिळू लागलं. माझ्या मध्यम अक्षरात एका बाजूला ऐंशी ते शंभर शब्द बसतात. पत्त्याच्या बाजूचा डावा अर्धा भागही मजकुराला वापरता येतो; तो धरला तर आणखी चाळीसेक.

एवढ्या जागेत एक बातमी, एक चौकशी आणि घरातल्या सगळ्यांची नावं मावतात. नवीन लिहिणारे पहिल्यांदा मायना कापतात, जागा वाचते म्हणून. माझं ऐकाल तर कापू नका. "ती. स्व. आजीस शिरसाष्टांग नमस्कार", "इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवावे", "मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद" ही वाक्यं जुनी दिसतात. पण कार्ड घरात मोठ्याने वाचलं जातं आणि त्या शेवटच्या ओळीत घरातलं प्रत्येक माणूस आपापला वाटा ऐकतं. आमच्याकडे ती ओळ आली की धाकटा भाऊ "मला आशीर्वाद आला" म्हणून अंगणभर सांगत फिरायचा.

कार्ड उघडं असतं. हाच त्याचा दोष म्हणून सांगितला जातो. मला मात्र कार्ड आवडायला लागलं ते त्याच्या उघडेपणामुळेच.

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात, मागांच्या खटखटाटात. शेजारी सगळी पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर कुटुंबं. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, बाजारात गेलं की कन्नड. शेजारच्या अव्वांना अक्षरओळख नव्हती. त्यांचा मुलगा भिवंडीला यंत्रमागावर कामाला होता. शाळा मराठीत झालेली, म्हणून त्याचं कार्ड मराठीत यायचं. पोस्टमनकाका ते अव्वांच्या हातात न देता सरळ माझ्या हातात द्यायचे. मी मराठीत वाचायची, अव्वा ओठ हलवत ते तेलुगूत करून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "परत वाच." तिसऱ्या वाचनापर्यंत विड्यांची सुपं मांडीवर घेऊन आणखी दोघी-तिघी येऊन बसलेल्या असायच्या. पगार झाला, पाऊस आहे, दिवाळीला येतो. एवढाच मजकूर. पण भिवंडीच्या पावसाची चर्चा आमच्या गल्लीत दोन दिवस चालायची. बंद पाकिटातल्या पत्राने हे झालं नसतं. उत्तर लिहायचं कामही माझ्याकडेच असे. अव्वा तेलुगू-मराठी मिसळून सांगायच्या, मी आठवीतल्या मराठीत लिहायची, आणि शेवटी त्या कार्डावरून एकदा हात फिरवून मगच मला पेटीत टाकायला द्यायच्या.

याची दुसरी बाजूही खरी आहे. मृत्यूची बातमी असेल तर कार्डाचा कोपरा फाडून पाठवायची पद्धत होती. माझी आजी पोस्टमनच्या हातातलं कार्ड घेण्याआधी त्याचे चारही कोपरे बघायची. पैशाची अडचण, आजारपण, सोयरिकीचं बोलणं, भांडणानंतरची समजूत, यांतलं काहीही कार्डावर लिहू नये. वाटेत किती जणांच्या नजरेखालून जाईल ते आपल्या हातात नसतं.

अंतर्देशीय

निळा कागद, घड्या घालून कडा चिकटवायच्या, बाहेर पत्ता. डाक विभागाची 'ढाई आखर' नावाची पत्रलेखन स्पर्धा असते. तिथे अंतर्देशीयाला ५०० शब्दांची मर्यादा आहे आणि पाकिटातल्या पत्राला १,००० शब्दांची. माझ्या अनुभवात ५०० शब्द बसवायचे तर अक्षर बारीक ठेवावं लागतं. सैल लिहिलं तर साडेतीनशेला कागद संपतो. आत दुसरं काहीही घालायला परवानगी नाही. फोटो नाही, पावती नाही, साधी चिठ्ठीसुद्धा नाही.

माझे बाबा गिरणीत होते. मी वसतिगृहात असताना त्यांचं दर आठवड्याला कार्ड यायचं. गिरणी बंद पडायची चिन्हं दिसू लागली त्या आठवड्यात कार्ड आलं नाही, निळं अंतर्देशीय आलं. मी ते उघडायच्या आधीच खोलीच्या उंबऱ्यावर बसले. बाबांना जे चारचौघांत सांगायचं नव्हतं ते त्यांनी झाकून पाठवलं होतं, आणि ते झाकलेलं आहे एवढ्यावरूनच अर्धं मला कळलं होतं. त्या पत्रात रडगाणं नव्हतं. किती महिन्यांचं धान्य घरात आहे, माझी फी कुठून भरणार, आईला अजून सांगितलेलं नाही, तू कार्डावर याबद्दल काही लिहू नकोस. एवढं ओळीने लिहिलं होतं. फोनवर बाबा हे बोलू शकले नसते. समोर बसूनही नाही.

म्हणून सांगते, ज्या माणसाशी तुमचं मन मोकळं करायचं आहे पण पानंच्या पानं लिहायची सवय नाही, त्याला अंतर्देशीय लिहा. कागद संपतो हे आधीपासून माहीत असल्यामुळे माणूस लवकर मुद्द्यावर येतो.

अडचणी दोन. एक, छोट्या पोस्टांत ते प्रत्येक वेळी मिळत नाही. मुख्य टपाल कार्यालयात विचारावं आणि मिळालं की दहा-बारा घेऊन ठेवावीत. दोन, उघडताना फाटतं. घाईत बोट घालून उघडलं तर कडेची अक्षरं जातात. लिहिताना चारही बाजूंनी बोटभर जागा सोडा, आणि वाचणाऱ्याला पहिल्या पत्रातच सांगून ठेवा की सुरीने उघडा.

पाकीट

पाकिटाचं गणित वजनाचं. नेहमीचा ए-फोर कागद, ८० जीएसएमचा, साधारण ५ ग्रॅम भरतो. म्हणजे तीन कागद आणि पाकीट मिळून २० ग्रॅमच्या आत राहतं. चौथा कागद घातला की काटा पुढे जातो. तिकीट कमी पडलं तर पत्र नॉटपेड होतं आणि जितकं कमी पडलं त्याच्या दुप्पट पैसे घेणाऱ्याला भरावे लागतात. आपलं पत्र आजीने पैसे मोजून सोडवून घ्यावं हे बरं नाही, म्हणून शंका असेल तर खिडकीवर वजन करून घ्यावं.

पाकिटाचा मोठा लाभ म्हणजे आत काहीतरी जातं. मुलांनी काढलेलं चित्र, फोटो, राखी, सोलापूरच्या सिद्धेश्वराचा अंगारा. जानेवारीत त्याची गड्ड्याची यात्रा असते, नंदीध्वज म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या निघतात, आणि त्याच दिवसांत संक्रांत. तेव्हा आमच्या घरून डझनभर पाकिटं जायची, प्रत्येकात चिमूटभर हलवा. शिक्का मारताना त्याचा पार चुरा व्हायचा. पोचायचा तो भुगाच, पण मावशी तो भुगा वाटीत काढून सगळ्यांना दोन-दोन दाणे द्यायची. हलवा पाठवायचाच असेल तर कागदाच्या घडीत चपटा पसरून पाठवा आणि पाकिटाच्या तिकिटाकडच्या कोपऱ्यापासून लांब ठेवा.

लांबच्या आणि दीर्घ काळ न भेटणाऱ्या माणसाला पाकीटच हवं. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच त्यांचा मृत्यू झाला. त्या वर्षांत घरच्यांना ते भेटत होते ते पत्रांतूनच. भैय्या चौकातल्या त्यांच्या स्मारकावरून जाताना मला दर वेळी युद्धातून वाट काढत आलेलं ते पत्र घरात उघडलं जात असेल तो क्षण डोळ्यांपुढे येतो.

पण नवीन लिहिणाऱ्याला मी पाकिटाने सुरुवात करायला सांगत नाही. कोरी तीन पानं समोर आली की हात थबकतो. "निवांत वेळ मिळाला की लिहू" म्हणत ते पाकीट कपाटात महिनोन् महिने पडून राहतं. माझ्या ओळखीत असं तीनदा झालं आहे.

कागदपत्रं, दाखले असलं काही साध्या पाकिटातून पाठवू नका. त्याचा माग काढता येत नाही. पूर्वी अशा वेळी रजिस्टर करायचे. २०२५ मध्ये रजिस्टर स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, तेव्हा खिडकीवर स्पीड पोस्टच मागा.

हाताने लिहून त्याचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवायचा, हा चौथा पर्यायही लोक सांगतात. तातडीला ठीक आहे. उशाखाली ठेवता येत नाही.

पत्ता, पेन आणि तार

पिन कोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठीच, संस्कृतचे मोठे पंडित. सोलापूरकरांना पिन विशेष उपयोगी आहे, कारण आपली पत्रं तीन भाषांच्या मुलखांत जातात. गुलबर्ग्याच्या काकांना किंवा करीमनगरच्या मावशीला मराठीत पत्ता लिहिला तर तिथल्या पोस्टमनला तो वाचता येईलच असं नाही. गावाचं नाव इंग्रजीतही लिहा आणि पिनचे सहाही आकडे सुटे, ठळक काढा. "४१३ म्हणजे सोलापूर" एवढ्यावर भागवू नका. पंढरपूर ४१३३०४ आणि बार्शी ४१३४०१ आहे, पण धाराशिव ४१३५०१, लातूर ४१३५१२ आणि पुणे जिल्ह्यातली बारामतीही ४१३१०२ आहे. खरी जागा शेवटचे तीन आकडे सांगतात.

कार्डाचा कागद शाई पितो, म्हणून त्यावर शाईचं पेन नको. जेल पेन पावसाळ्यात दगा देतं, एक थेंब पडला की पत्ता गेला. पत्ता बॉलपेननेच लिहावा. शाईपेनचा आनंद पाकिटातल्या चांगल्या कागदासाठी राखून ठेवा. सोलापूरच्या उन्हाळ्यात पाकिटाचा डिंक वाळून उकलतो, तेव्हा वरून थोडी खळ लावावी.

जपून ठेवायचं तर कार्डाला तोड नाही. आमच्याकडे खुंटीला लोखंडी तार होती, आलेलं कार्ड वाचून झालं की तिला टोचायचं. बाबांची चाळीस वर्षांपूर्वीची कार्डं मधोमध भोक पडलेली आहेत, पण एकही अक्षर पुसलेलं नाही. अंतर्देशीय मात्र घडीवर झिजतं आणि एक दिवस तिथून सुटं होतं. गिरणीबद्दलचं ते पत्र आता चार तुकड्यांत आहे. पाकिटं डब्यात कडुनिंबाची वाळलेली पानं घालून ठेवली तर कसर लागत नाही.

भाचीला मी शेवटी निवडून दिलं नाही, तिन्ही घेऊन दिलं. दहा कार्डं, चार अंतर्देशीय, दोन पाकिटं. ५, १० आणि १० मिळून २५ रुपये. एवढंच सांगितलं, की आधी कार्डं संपव. दर रविवारी एक, दुपारच्या जेवणाआधी, पेटी घराजवळची नसेल तर सोमवारी कॉलेजला जाताना. पोचायला कधी तीन दिवस लागतात, कधी सहा. उत्तराची वाट बघत थांबू नको, पुढचं लिहून टाक.

पहिली सहा कार्डं आली. आजी ती चष्मा लावून स्वतः वाचते, मग माझ्याकडून वाचून घेते, मग शेजारणीला दाखवते. सातव्या रविवारचं आलं नाही. बुधवारी पोस्टमनने निळं अंतर्देशीय दिलं, आजीच्या नावाचं. आजीने ते घेतलं, पदराखाली धरलं आणि मला म्हणाली, "सुरी दे आणि तू जरा स्वयंपाकघरात जा."