कवडी: पांढऱ्या बुल टेरियरसोबतचे चौदा महिने

आम्ही बर्मिंगहॅममध्ये राहतो. कवडी ही आमची बुल टेरियर जातीची कुत्री. घरी आली तेव्हा दहा आठवड्यांची होती. आता तिचं वजन २४ किलो आहे आणि सोफ्याचा डावा कोपरा तिचा आहे. बुल टेरियर घ्यायचा विचार करणारे ओळखीतले लोक मला आधी रंगाचंच विचारतात, पांढरा घ्यावा की पट्टेरी? पिल्लं बघायला गेले तेव्हा मीही तोच प्रश्न विचारला होता. आज मी तो सगळ्यात शेवटी विचारला असता. का, ते सविस्तर लिहिते.

तिची आई पट्टेरी होती, म्हणजे तांबूस अंगावर वाघासारखे काळे पट्टे, गळ्याभोवती पांढरी पट्टी आणि छाती पांढरी. बाप पूर्ण पांढरा. सहा पिल्लांपैकी तीन पांढरी निघाली. कवडी त्यातलीच, फक्त उजव्या डोळ्याभोवती पट्टेरी डाग. तो डाग म्हणजे तिचा खरा रंग डोकावणारी खिडकी आहे, हे मला नंतर समजलं. बुल टेरियरचा पांढरा हा वेगळा रंग नसतो. कुत्रं आतून पट्टेरी, तांबडं किंवा तिरंगी असतं आणि पांढरेपणाचं जनुक त्या रंगाला केसांपर्यंत पोचू देत नाही. हे जनुक आईबाप दोघांकडून आलं तर पिल्लू पांढरं होतं. एकाकडूनच आलं तर बहुधा कवडीच्या आईसारखी पांढरी पट्टी आणि छाती दिसते. म्हणून दोन रंगीत कुत्र्यांच्या पोटीही पांढरं पिल्लू येऊ शकतं. कवडीला आंघोळ घातली की ओल्या केसांखाली पाठीवर करडे ठिपके दिसतात. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला त्वचारोगच वाटला होता. तो नुसता कातडीचा रंग आहे. या जातीत असे ठिपके दोष मानत नाहीत.

या पांढऱ्याची सुरुवात आमच्याच शहरातली. १८३५ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये बैलांवर कुत्रे सोडण्याचे खेळ बंद झाले. बुलडॉग आणि टेरियर यांच्या संकरातून झालेले ओबडधोबड, सगळ्या रंगांचे झुंजीचे कुत्रे मात्र उरले. जेम्स हिंक्स या बर्मिंगहॅमच्या माणसाने त्यांच्यातून पांढरा, उंच, देखणा कुत्रा घडवला आणि १८६२ मध्ये इथल्याच प्रदर्शनात लोकांसमोर आणला. आज दिसतं ते अंड्यासारखं डोकं तेव्हा नव्हतं, ते पुढच्या पिढ्यांत आलं. पांढऱ्यांत बहिरेपणा फार वाढला, तेव्हा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही जणांनी पट्टेरी स्टॅफर्डशर कुत्र्यांशी संकर करून रंग परत आणला. त्यावर पांढरेवाल्यांनी बरीच नाकं मुरडली. अमेरिकेत १९३६ पासून पांढरे आणि रंगीत असे दोन वेगळे गटच आहेत.

आता कानाविषयी, कारण या चौदा महिन्यांत सगळ्यात जास्त मी तेच शिकले.

पिल्लांच्या मालकाकडे आईबापाच्या कानांचे आणि लघवीचे अहवाल होते. पिल्लांची तपासणी मात्र केलेली नव्हती. "टाळी वाजवली की सगळी वळतात, ऐकू येतं सगळ्यांना," एवढंच सांगितलं गेलं. पहिल्या लसीच्या वेळी दवाखान्यातही तिच्या मागे टाळीच वाजवली. ती वळली, विषय मिटला. मला तेव्हा माहीत असायला हवं होतं की एका कानाने बहिरं कुत्रंही टाळीला वळतं. दोन्ही कान गेले असतील तर घरातल्यांना कळतं. एक गेला असेल तर महिनोन् महिने कळत नाही.

चार महिन्यांची असताना एक गोष्ट खटकू लागली. बागेत असताना मी स्वयंपाकघराच्या दारातून हाक मारली की ती थांबायची, डोकं वर करायची आणि आधी कुंपणाकडे, मग शेजारच्या घराकडे, मग आकाशाकडे बघायची. हाक ऐकू यायची, पण कुठून आली ते कळायचं नाही. मग झोपेचं लक्षात आलं. डाव्या कुशीवर झोपली असेल तर डोअरबेल वाजताच ताडकन उठायची. उजव्या कुशीवर असेल तर बेल वाजो, कुकरची शिट्टी होवो, ती ढिम्म. मी आठवडाभर वहीत नोंद ठेवली आणि बेअर टेस्टची (BAER, ऐकू येतं का ते तपासणारी चाचणी) वेळ घेतली. डोक्याच्या कातडीत केसासारख्या बारीक सुया लावतात, एकेका कानात टिकटिक आवाज सोडतात आणि मेंदूकडून येणाऱ्या लहरी पडद्यावर बघतात. उजव्या कानाच्या वेळी पडद्यावर छान डोंगररांग उमटली. डाव्या कानाच्या वेळी सरळ रेष. मी त्या रेषेकडे बघत राहिले आणि कवडी माझ्या बोटांना लागलेलं चीज चाटत राहिली.

कारण असं की, रंग बनवणाऱ्या ज्या पेशी पांढऱ्या कुत्र्याच्या कातडीत पोचत नाहीत, त्याच पेशी आतल्या कानालाही लागतात. त्या तिथे नसतील तर आवाज टिपणाऱ्या पेशी जन्मानंतर तीन-चार आठवड्यांत मरून जातात. अमेरिकेतल्या लुइझियानाचे संशोधक जॉर्ज स्ट्रेन यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पांढऱ्या बुल टेरियरांपैकी सुमारे २० टक्के एका किंवा दोन्ही कानांनी बहिरे निघाले, रंगीतांपैकी एक-दीड टक्काच. ही चाचणी पाच आठवड्यांच्या पिल्लाचीही होते. म्हणून पांढरं पिल्लू घेणाऱ्याने प्रत्येक पिल्लाचा स्वतंत्र अहवाल मागावा. दिला नाही तर तिथून उठावं.

एक कान नसल्याने कवडीचं रोजचं काही अडत नाही. रस्त्यावर मात्र ती कधीच मोकळी नसते, कारण सायकलची घंटा कुठल्या बाजूने येतेय ते तिला कळत नाही. हाकेबरोबर हात वर करायची खूण शिकवली आहे. बहिरेपणा पुढे जाऊ नये म्हणून तिची पिल्लं आम्ही होऊ देणार नाही.

कातडीचं थोडक्यात सांगते. पांढऱ्या बुल टेरियरला इंग्लंडचं ऊनसुद्धा बाधतं. जूनमध्ये कॅनन हिल पार्कात दोन तास घालवले आणि तिचं पोट झिंग्यासारखं लाल झालं. भाजलेल्या कातडीला पुढे कॅन्सरचा धोका असतो. आता कानांची टोकं, नाक आणि पोट यांना कुत्र्यांचं सनक्रीम लावते. झिंक असलेलं माणसांचं क्रीम नको, कुत्री ते चाटतात आणि झिंक त्यांना विषारी आहे. रंगीत कुत्र्याला ही कटकट फारशी नाही. केस दोन्ही रंगांत सारखेच गळतात, आखूड आणि सुईसारखे. माझ्या काळ्या कोटाचा मी नाद सोडला.

बाकी स्वभाव रंगाने बदलतो असं मला कुठे दिसलं नाही. पार्कात रोज भेटणारे एक आजोबा आहेत, त्यांचा कुत्रा पूर्ण पट्टेरी. दोघांच्या खोड्या शेजारी ठेवल्या तर कुठली कोणाची ते सांगता येणार नाही. संध्याकाळी सात वाजता अंगात वारं शिरल्यासारखं पळणं, दार, टेबल, माणूस काही न बघता. "ये" म्हटल्यावर क्षणभर विचार करून मग येणं. रबरी खेळणं दोन दिवसांत फाडणं. आणि ती संथ चाल! सासूबाई उन्हाळ्यात सांगलीहून आल्या होत्या. त्यांची नऊवारी स्टँडवर वाळत घातली की कवडी खालून जायची. लोंबणारा काठ पाठीला जेमतेम लागेल इतकं अंग खाली करून, एकेक पाय उचलून, डोळे अर्धे मिटून. तीन पावलांना एक मिनिट. सासूबाई आधी घाबरल्या, "अगं, हिला फिट येतेय का?" मी व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवला. त्यांनी सांगितलं, या जातीत हे दिसतं, काळजीचं कारण नाही. शेपटीमागे तासन् तास गोल फिरणं मात्र वेगळं. ते दिसलं तर थांबू नका, डॉक्टरांकडे न्या.

सासूबाईंचा पहिल्या दिवसाचा प्रश्न होता, "हिचं कपाळ कुठं संपतं आणि नाक कुठं सुरू होतं गं?" खरंच, कुठेच नाही. डोक्यापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत एकच उतार, दोन बोटांनी वरून खाली अखंड हात फिरवता येतो. त्रिकोणी, तिरके, खोल डोळे ही तर या जातीची ओळखच आहे.

लोक या चेहऱ्याला घाबरतात. एक्सएल बुली या दुसऱ्या, दांडग्या कुत्र्यांवर इथे २०२३ मध्ये बंदी जाहीर झाली तेव्हापासून तर जास्तच, रस्ता बदलतात. बुल टेरियर बंदी असलेल्या जातींच्या यादीत नाही. मी तिचे कागद फोनमध्ये ठेवते आणि कोणी विचारलं तर शांतपणे दाखवते.

निळ्या किंवा चॉकलेटी रंगाचे बुल टेरियर "दुर्मीळ" म्हणून जास्त पैशांना विकायला दिसतात. जातीच्या नियमांत हे रंग नको म्हणूनच सांगितले आहेत, शिवाय निळ्या रंगाच्या कुत्र्यांत केस गळून टक्कल पडण्याचा आजारही असतो. तेवढे पैसे तपासण्यांना ठेवा. या जातीत मूत्रपिंडाचा आनुवंशिक आजार आहे, तो आईबापापैकी एकाकडून आला तरी पुरतो. त्यासाठी लघवीतल्या प्रथिनांची चाचणी दरवर्षी करायची. कवडीची मागच्या महिन्यात झाली, आकडा चांगला आला. हृदयाची तपासणी पुढच्या मंगळवारी आहे.

आत्ता ती उजव्या कुशीवर झोपली आहे. पोस्टमनने पार्सल टाकलं, दाराचा आवाज झाला, तिला काही कळलं नाही. उठवायचं असलं की मी तिच्या पाठीवर हळूच फुंकर घालते.