कागदपत्रांची छाननी: शब्दशोध की शिकणारं सॉफ्टवेअर?

खटल्यासाठी ढिगाऱ्यातून कामाचे कागद शोधायचे तर वाटा दोन: ठरावीक शब्द शोधणं, किंवा वकिलाकडून शिकणारं सॉफ्टवेअर. ब्राउझरवर चालणाऱ्या बहुतेक छाननी सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही सोयी असतात. प्रश्न भिस्त कशावर ठेवायची, हा. शब्दशोध सोपा, न्यायालयात समजावायलाही सरळ. पण ईमेलमध्ये कोणी 'लाच' लिहीत नाही, 'ते काम' लिहितात. १९८५ साली ब्लेअर आणि मॅरन या संशोधकांनी शब्दशोधाला किती कागद सापडतात हे तपासलं, तेव्हा कामाचे ७५ टक्के कागद सापडले असं वकिलांना वाटत होतं. प्रत्यक्षात सापडले होते जेमतेम २० टक्के.

दुसऱ्या पद्धतीत वकिलाच्या शेऱ्यांवरून सॉफ्टवेअर उरलेल्या कागदांचा क्रम लावतं. अमेरिकेत २०१२ मध्ये 'दा सिल्व्हा मूर' खटल्यात न्यायालयाने ती मान्य केली. मात्र शेरे मारणारा कच्चा असेल तर सॉफ्टवेअर तेच गिरवतं. शे-दोनशे कागदांसाठी हा खटाटोप नको. लाखभर असतील तर मी हीच निवडेन, वर सॉफ्टवेअरने बाद ठरवलेल्या ढिगातले थोडे कागद काढून स्वतः वाचेन.