‘हिबिके! युफोनियम’ : मागच्या रांगेतल्या वाद्याची मालिका

सोलापुरात वरात निघाली की नजर आधी पुढच्या ट्रम्पेटवाल्याकडे जाते. मागे पोटाशी मोठ्या तोंडाचं पितळी वाद्य धरून चालणाऱ्याकडे कुणी बघत नाही. ते वाद्य बरेचदा युफोनियम असतं. चाल ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट नेतात, तिला भरीवपणा मागून मिळतो. क्योतो ॲनिमेशन या जपानी स्टुडिओच्या ‘हिबिके! युफोनियम’ या ॲनिमे मालिकेची नायिका ओमाए कुमिको हेच वाद्य वाजवते, आणि तिचा स्वभावही तसाच आहे: मागे राहून सगळं ऐकणारी, सहसा पुढे न येणारी.

आयानो ताकेदा यांच्या कादंबऱ्यांवरची ही मालिका 2015 साली सुरू झाली. क्योतोजवळच्या उजी शहरातल्या किताउजी शाळेचा ढिला पडलेला बँड, नवे शिक्षक ताकी सर आणि राष्ट्रीय स्पर्धेचं ध्येय, एवढीच गोष्ट. मात्र ते ध्येय सर लादत नाहीत. मुलांकडून हात वर करून ठरवून घेतात, आणि पुढे कुणी कुरकुरलं की त्याच ठरावाची आठवण देतात.

बघण्याआधी स्पर्धेचे नियम माहीत असले तर निम्मा ताण आपोआप कळतो. एका शाळेचे जास्तीत जास्त 55 वादक मंचावर येतात. एक नेमून दिलेली आणि एक स्वतः निवडलेली अशा दोन रचना 12 मिनिटांत संपवायच्या; वेळ ओलांडला तर संघ बाद. सुवर्ण, रौप्य, कांस्य अशी श्रेणी प्रत्येक संघाला मिळते, पण सुवर्ण मिळालेल्यांतलेही मोजकेच पुढच्या फेरीत जातात. पहिल्याच भागात, किताउजीच्या आधीच्या शाळेतल्या स्पर्धेत, सुवर्ण मिळूनही ट्रम्पेट वाजवणारी कोसाका रेइना का रडते, ते या नियमामुळे. शेजारी उभी कुमिको मात्र तेवढ्यावर खूश असते आणि नको ते बोलून जाते. त्या एका वाक्याचं ओझं ती बरेच भाग वागवते.

55च्या मर्यादेमुळे निवड चाचणी आली, आणि मालिकेचा खरा कस तिथे लागतो. गणपतीच्या आधी लेझमीची तालीम घेणाऱ्या कुठल्याही मंडळाला हा पेच ओळखीचा वाटेल: पुढे जुन्याला ठेवायचं की चांगलं खेळणाऱ्याला? ट्रम्पेटचा सोलो, म्हणजे एकट्याने वाजवायचा भाग, पहिल्या वर्षाच्या रेइनाला मिळतो. तिसऱ्या वर्षाच्या, सगळ्यांच्या लाडक्या काओरीताईची ही शेवटची संधी असते. अकराव्या भागात दोघी पुन्हा वाजवतात आणि निवाडा टाळ्यांवर सोपवला जातो. हा भाग मोबाईलच्या स्पीकरवर बघू नका, हेडफोन लावा. काओरीचं वादन स्वच्छ आणि प्रेमळ आहे. रेइनाचा सूर सभागृहाच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत भरून उरतो. कोण सरस हे संवादांनी सांगावं लागत नाही, ते ऐकू येतं. काओरीची बाजू घेणारी युकोही इथे खलनायिका ठरत नाही. तिचा राग प्रेमातून आलाय, हे तिच्या चेहऱ्यावर दिसतं.

कानांवरचा हा विश्वास मालिकाभर टिकतो. वादन सेनझोकु गाकुएन संगीत महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी केलंय, आणि सुरुवातीचं बेसूर वादनही तितक्याच काळजीने बेसूर आहे. व्हॉल्व्हवर दाबलेली बोटं ऐकू येणाऱ्या सुरांशी जुळतात. स्पर्धेसाठी निवडलेली ‘मिकाझुकी नो माई’ ही रचना आकितो मात्सुदा यांनी मालिकेसाठीच केली. दुसऱ्या पर्वाच्या पाचव्या भागात ती अखंड वाजते, मध्ये एकही संवाद नाही.

उन्हाळ्यातल्या सरावाची दृश्यं सोलापूरकरांना जास्त भिडतील. हवा तापली की नळीतला ध्वनी वेगाने जातो आणि पितळी वाद्याचा सूर चढतो. मग ट्यूनिंग स्लाइड, म्हणजे वाद्याची सरकती नळी, थोडी बाहेर ओढून तो खाली आणावा लागतो. 42 अंशांत वाजवणाऱ्या आपल्या बँडवाल्यांना हे सांगायला नको. पहिल्या पर्वाच्या बाराव्या भागात कुमिको अशाच उन्हात एक अवघड जागा घोटत राहते, नाकातून रक्त येईपर्यंत. तरीही ती जागा बसत नाही आणि सर तिथे तिला न वाजवायला सांगतात. मेहनत केली म्हणजे फळ मिळालंच, असं खोटं आश्वासन न देणारा हा भाग आम्हाला पूर्ण मालिकेत सर्वांत मोलाचा वाटतो.

काही जागा कच्च्याही आहेत. पात्रं इतकी की पहिले तीन-चार भाग नावांचा गोंधळ होतो; वाद्यावरून माणूस लक्षात ठेवला तर सोपं जातं. ट्यूबावाली हाझुकी, कॉन्ट्राबासवाली मिदोरी, चंदेरी युफोनियमवाली आसुका. हाझुकीचं प्रेमप्रकरण घाईत उरकलंय. 2024च्या तिसऱ्या पर्वात अख्खं वर्ष 13 भागांत कोंबल्यामुळे स्पर्धेतली वादनं बरीच गाळली गेली. दोन पर्वं वाट पाहिलेल्या माणसाला ते खटकणारच.

क्रम चुकवू नका. 2015 आणि 2016ची दोन पर्वं, प्रत्येकी 13 भाग. मग 2018चा ‘लिझ अँड द ब्लू बर्ड’ हा चित्रपट, जो ओबो आणि बासरी वाजवणाऱ्या दोन मैत्रिणींवर आहे आणि दुसऱ्या पर्वाचा पूर्वार्ध पाहिल्याशिवाय पुरता उमगत नाही. त्यानंतर 2019चा चित्रपट, 2023चा ‘एन्सेम्बल कॉन्टेस्ट’ हा छोटा चित्रपट आणि शेवटी तिसरं पर्व. थेट तिसऱ्यापासून सुरुवात केली तर कुमिको बँडची प्रमुख कशी झाली आणि मायु नावाची नवी युफोनियमवादक आल्यावर ती इतकी का अस्वस्थ होते, हे कळणार नाही.

एक भाग साधारण 24 मिनिटांचा. वेळ कमी असेल तर पहिल्या पर्वाच्या आठव्या भागापर्यंत नक्की जा. उजीत जत्रेची रात्र असते, आणि गर्दी सोडून कुमिको व रेइना वाद्यं घेऊन दाइकिची टेकडी चढतात. वर पोचल्यावर दोघीच वाजवतात, खाली शहराचे दिवे. तिथेही तुम्हाला काहीच वाटलं नाही, तर पुढे बघायचा आग्रह आम्ही धरणार नाही.